लाथ्या मिस्तरीचा लोडर

लोडर हा शब्द माझ्या तोंडून निघाला की आमची ही उठून स्वयंपाकघरात जाते. "चालू द्या तुमचं," म्हणते आणि कारण नसताना भांडी वाजवत बसते. तिचं तरी काय चुकलं म्हणा. लग्नानंतर तिनं सासूचं जितकं ऐकलं नसेल तितकं त्या यंत्राबद्दल ऐकलंय. पण आता दिवाळी अंकवाल्यांनीच कामाबद्दल लिहा म्हटलंय, आणि माझ्या कामाबद्दल लिहायचं तर लोडर टाळून चालत नाही. शिवाय एक खुलासाही करायचाय. दोंडाईच्याच्या बाजारात जुनी माणसं मला लाथ्या मिस्तरी म्हणतात. माझी सून एकदा भाजी घ्यायला बरोबर होती, तिनं ते ऐकलं. घरी आल्यावर विचारते, "बाबा, तुम्ही कुणाला लाथ मारली होती?"

"चाऱ्याला," मी म्हटलं. तिला वाटलं मी टाळतोय.

मी मूळचा भुसावळचा, रेल्वे कॉलनीतला. बाप फिटर होता, म्हणून पान्हा मला पेन्सिलीच्या आधी कळला. दोंडाईच्याच्या अलीकडे मारवाडी व्यापाऱ्यांच्या एका ट्रस्टची पांजरापोळ होती, तिथं मी मिस्तरी म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. बाहेरच्यांसाठी सांगतो. पांजरापोळ म्हणजे कामातून गेलेल्या गुरांचा आश्रम. दूध आटलेली गाय, खांदा गेलेला बैल, पाय मोडलेलं वासरू, सगळी तिथं मरेपर्यंत बसून खायची. त्यांना लागणारं गवत ट्रस्टच्याच माळरानावर पिकायचं. आम्ही त्याला कुरण म्हणायचो. दसरा झाला की गवत कापायचं, वाळवायचं आणि कोठारात भरायचं. वर्षातलं हे एकच मोठं काम, पण ते चुकलं तर उन्हाळ्यात गुरांसमोर टाकायला काही नाही.

आधी सगळं विळ्यानं आणि बैलगाडीनं व्हायचं. मग शेठजींना यंत्राचं वेड लागलं. शेठजी म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी. माणूस मनानं सोन्यासारखा, पण कुठं लिलाव आहे असं कळलं की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. पहिल्यांदा त्यांनी गठ्ठे बांधायचं यंत्र आणलं. ट्रॅक्टरमागून ते वाळल्या गवताच्या ओळीवरून चालायचं, गवत पोटात घ्यायचं, दाबायचं, दोन सुतळ्यांनी बांधायचं आणि मागून लोखंडी पेटीच्या आकाराचा चौकोनी गठ्ठा टाकायचं. हे यंत्र बरं होतं. खोडी काढायचं, पण माणसात होतं.

मग आला लोडर. शेठजींच्या कुणा व्याह्यानं पंजाबकडच्या लिलावातून तो धाडला. मोटारीचा सांगाडा असावा तसा एक लोखंडी उतार. खाली जमिनीलगत दोन पसरलेले हात, मधून वर जाणारी दातेरी साखळी. तो ट्रॉलीच्या बाजूला अडकवायचा. ट्रॅक्टर चालू लागला की लोडरचं स्वतःचं चाक फिरतं, चाकानं साखळी फिरते, पसरलेले हात समोरचा गठ्ठा मधोमध घेतात, साखळी तो वर ओढते आणि ट्रॉलीत टाकते. वर दोन माणसं रचायला उभी. माणसानं गठ्ठा उचलायचाच नाही. कागदावर काम झकास होतं.

पण त्याची एक अट होती. गठ्ठा जमिनीवर आडवा पडलेला पाहिजे आणि ट्रॅक्टरच्या रांगेत, लांबीनं, सरळ पाहिजे. जरा तिरपा असला तर त्या दोन हातांत अडकतो, साखळी नुसती करकरते आणि दाता मोडतो. दाता मोडला की मी पॅसेंजरनं भुसावळला जायचो. तिथं रेल्वेतून निवृत्त झालेला एक टर्नर तो घडवून द्यायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचा, "मिस्तरी, तुमच्याकडं गवत कापतात का दगड?"

पहिल्या दिवशी पूजा झाली. शेठजींनी लोडरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. मी म्हटलं, शेठजी, हार काढू या आता. "राहू दे रे, शुभ असतं," म्हणाले. ट्रॅक्टर पाच पावलं चालला आणि साखळीनं हार खाल्ला. पाकळ्या आणि दोरा गिअरमध्ये गुंडाळला गेला. पेढे वाटून संपले तरी मी यंत्राखाली उताणा पडून चिमट्यानं झेंडू काढत होतो. ट्रॅक्टरवर भिला ड्रायव्हर होता. हा भिला मुळात ट्रकवाला, त्याला हळू चालवणं म्हणजे अपमान वाटायचा. दुसऱ्या खेपेला त्यानं असा काही गिअर टाकला की गठ्ठा वरून सुटला आणि रचायला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर बसला. शेठजींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं तसंच असतं.

पण हे सगळं चालण्यासारखं होतं. माझ्या नाकी नऊ आणले ते सुपडाअक्कांनी.

सुपडाअक्का म्हणजे कुरणावर काम करणाऱ्या बायांच्या टोळीच्या मुकादम. उंच, हाडकुळ्या, आवाज असा की ट्रॅक्टर चालू असताना सुद्धा ऐकू यावा. गठ्ठे बांधणारं यंत्र पुढं निघून गेलं की तुटलेले गठ्ठे बाजूला काढायचे, बाकीचे नीट रांगेत ठेवायचे, हे त्यांचं काम. मी संध्याकाळी सगळं पाहून जायचो. गठ्ठे आडवे, रांगेत, शिपायांसारखे. सकाळी लोडर घेऊन यावं, तर सगळे गठ्ठे तीन तीन मिळून उभे! एकमेकांना टेकून, देवळाच्या शिखरासारखे.

"अक्का, हे काय?" मी विचारलं.

"चारा उभा करेल शे."

"पण कशाला?"

"आडवं मढं ऱ्हास, मिस्तरी. चारा उभा ऱ्हास."

आडवं पडतं ते प्रेत, चारा उभाच असतो, असं त्यांचं म्हणणं. खानदेशात ज्वारीचा कडबा पिढ्यानपिढ्या उभाच करतात. आडवा टाकला तर खालून दव लागतं, वाळवी लागते, काळा पडतो. हे मला काय माहीत नव्हतं? पण कडबा महिनाभर रानात उभा असतो, हे गठ्ठे दुसऱ्या सकाळीच उचलायचे! मी समजावलं. हातापाया पडलो. यंत्रासमोर बसवून आडवा गठ्ठा कसा वर जातो ते दाखवलं. बाया माना डोलवायच्या. "हाव, बरोबर शे." आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठे पुन्हा उभे. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी असं चाललं की बाया संध्याकाळी गठ्ठे उभे करायच्या, गडी सकाळी आडवे पाडायचे, त्यातले निम्मे तिरपे पडायचे, मग दोघंजण सुतळीला धरून, वाकून ते सरळ करायचे, तोवर भिला ट्रॅक्टर थांबवून बिडी ओढायचा. यंत्र येण्याआधी काम लवकर व्हायचं.

शेठजी येऊन विचारायचे, "मिस्तरी, मशीन तर चांगली आहे, मग घोडं अडतंय कुठं?" तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

एक दिवस मी अक्कांवर चांगलाच ओरडलो. म्हटलं, चारा तुमचा आहे की ट्रस्टचा? तुम्हाला काय त्याचं एवढं?

अक्कांनी डोक्याचा पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "चारा मन्हा सोन्या खास. तुमनं मशीन खास का?"

हा चारा खाणारा सोन्या कोण, ते मग भिलानं मला सांगितलं. अक्कांचा नवरा वारल्यावर शेत भावकीत गेलं, आणि एक बैल राहिला, सोन्या. पुढं त्याचा खांदा गेला. बाजारात नेला असता तर तो कुणी नेला असता हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून अक्कांनी तो पांजरापोळीत आणून बांधला आणि स्वतः तिथंच कामाला लागल्या. रोज सकाळी कामावर येताना आधी गोठ्यात जायचं, मूठभर गवत स्वतःच्या हातानं सोन्याच्या तोंडात घालायचं, ते हुंगून पाहायचं, मग कुरणावर. मी हे इतके दिवस पाहत होतो. मला वाटायचं म्हातारीला गुरांची आवड आहे.

हे कळल्यावर मला ओरडल्याचं वाईट वाटलं. पण त्यानं लोडर चालत नव्हता.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि गवत जेमतेम. शेठजींनी गोठ्यासमोरच, सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की हे गवत नीट घरात आलं तर सगळी गुरं उन्हाळा काढतील. नाही आलं तर निम्मी गुरं ट्रकनं गुजरातेतल्या एका पांजरापोळीत पाठवावी लागतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. शेठजींचा जीवही तुटत होता, त्यांना दोष नाही. पण ट्रकमध्ये चढवलेलं म्हातारं जनावर तिकडं उतरताना उभं राहतंच असं नाही. पहिल्यांदा कोण जाणार तेही उघड होतं. सगळ्यात म्हातारी गुरं. सोन्या त्यांत होता. अक्का तिथंच उभ्या राहून ऐकत होत्या.

आता लाथेची गोष्ट. एका सकाळी एक तिरपा गठ्ठा लोडरच्या हातांत अडकला. त्या दिवशी आधीच दोन दाते गेले होते आणि भुसावळचा टर्नर माझ्या डोळ्यांसमोर दात काढून हसत होता. माझं डोकं फिरलं. मी पुढं झालो आणि त्या गठ्ठ्याच्या बुडावर अशी सणसणीत लाथ मारली, की बस. गठ्ठा फिरला, सरळ झाला आणि सुळकन वर गेला! पुढचा तिरपा होता, त्यालाही मारली. तोही गेला. भिला ओरडला, "वा मिस्तरी!" वाकायला नको, सुतळी धरायला नको, ट्रॅक्टर थांबवायला नको. मला असा आनंद झाला की विचारू नका. माणूस पुढं चालत गठ्ठे पाडत जाईल, एकजण मागून लाथेनं सरळ करत जाईल, लोडर खात जाईल. इतकं सोपं होतं!

मागं वळून पाहतो तर बाया कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हाई काय करं, मिस्तरी!" अक्का म्हणाल्या. "चाराले लाथ मारी तुम्ही?"

ताटातल्या अन्नाला पाय लागला तर आपण काय करतो? हात लावून कपाळाला लावतो. गुराचा चारा हे गुराचं अन्न, त्याला पाय लावायचा नाही, चुकून लागला तर पाया पडायचं. मी कॉलनीत वाढलेलो, मला कुठलं हे सुचायला! टोळीनं काम थांबवलं. सगळ्या बाया बांधावर जाऊन बसल्या. शेठजी आले, त्यांनी ऐकलं आणि ते तर बायांच्याही वरताण निघाले. "अरे, जीवाच्या अन्नाला पाय? माझ्या पांजरापोळीत?" शेवटी मला त्या गठ्ठ्यासमोर गुडघे टेकून पाया पडावं लागलं. एका गवताच्या गठ्ठ्यासमोर! भिला तोंड फिरवून हसत होता. पुन्हा पाय लावणार नाही अशी शपथ घेतल्यावर बाया उठल्या.

म्हणजे पाहा, उपाय सापडला, आणि तोच करायचा नाही. यंत्र शेठजींचं, दाते मोडणार, बोलणी मी खायची. त्या आठवड्यात मी घरी इतका चिडायचो की आमच्या हीनं एकदा भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "हिला मारा लाथ."

आणि मग आभाळ आलं. दिवाळी होऊन गेली होती. दुपारी जेवून उठलो तर सातपुड्याच्या अंगाला काळंभोर झालेलं. वारा पडला, माशा अंगाला चिकटायला लागल्या. अर्ध्याहून जास्त कुरण अजून गठ्ठ्यांनी भरलेलं होतं, तीन तीन मिळून उभं. उभा गठ्ठा दवाला पुरतो हो, पावसाला नाही पुरत. भिजलेला गठ्ठा आतून तापतो, त्याला बुरशी येते आणि तसला चारा म्हातारं जनावर खाईल तर पोट फुगून जाईल. शेठजींनी निरोप धाडला, होईल तेवढं आत घ्या. होईल तेवढं म्हणजे किती? नेहमीच्या चालीनं चार दिवस लागले असते.

मी लोडर जोडला. बायांनी पळत पळत उभे गठ्ठे आडवे पाडायला घेतले. पहिला गठ्ठा गेला, दुसरा तिरपा, अडकला. भिलानं ट्रॅक्टर थांबवला. दोन गडी वाकले, सरळ केला. पुन्हा दोन गेले, पुन्हा एक तिरपा. वीज चमकली. मी डोक्याला हात लावून उभा राहिलो. बोलायची सोय नव्हती, शपथ घेतलेली.

अक्का पुढून चालत माझ्याजवळ आल्या. आभाळाकडं पाहिलं, मग गोठ्याकडं.

"मारा लाथ," म्हणाल्या.

"काय?"

"मारा म्हनस ना! पन तुम्हीच मारा. आमन्या बाया पाय नही लावतीन. पाप लागनं ते तुमले लागो."

"लागो!" मी म्हटलं. "लागो एकदाचं!"

मग जे काम चाललं त्याला तोड नाही. बाया पुढं पळत गठ्ठे पाडून रांग लावत होत्या. अक्का माझ्या पुढं चार पावलं चालत राहिलेले गठ्ठे पाडत होत्या. मी मागून प्रत्येक तिरप्या गठ्ठ्याच्या बुडावर लाथ घालत होतो, आणि लोडर माझ्या पाठीशी खडखडत एकेक गिळत होता. ट्रॉली भरली की कोठारात रिकामी, की परत. भिलानं त्या दिवशी बिडी पेटवली नाही. जन्मात पहिल्यांदा तो लोडर शेठजींनी सांगितला होता तसा चालला. मी लाथ मारायचो आणि तोंडानं त्या यंत्राला, व्याह्याला, पंजाबला, सगळ्यांना शिव्या घालायचो. कुसळं पायजम्यातून मांडीपर्यंत टोचली होती, त्याचं काही वाटत नव्हतं.

शेवटची पट्टी राहिली आणि थेंब सुरू झाले. टपोरे, लांब लांब. बाया रांग लावून कोठाराकडं पळाल्या, तिथं ताडपत्र्या ओढायच्या होत्या. अक्का तेवढ्या माझ्यापुढं राहिल्या. रचणारे गडी वर ट्रॉलीत पाठमोरे. भिलाची मान मागं, ट्रॉलीकडं. मी लाथ मारली, आणि माझा दुसरा पाय घुशीच्या बिळात गेला. गुडघ्यात असं काहीतरी कडकन झालं की मी तिथंच बसलो. उठायला गेलो, पाय टेकेना. कसाबसा सरपटत बाजूला झालो. लोडर येत होता. पुढं तिरपा गठ्ठा.

"अक्का!" मी ओरडलो. "अक्का, सरळ करा! वाकू नका, लोडरच्या हातांत सापडाल!"

अक्कांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. एकदा लोडरकडं. मग लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि त्या गठ्ठ्याला लाथ मारली.

गठ्ठा सरळ झाला, वर गेला. त्यांनी पुढच्याला मारली. मग त्याच्या पुढच्याला. पहिल्या लाथेनंतर त्यांनी हात खाली नेला होता, चाऱ्याला लावून कपाळाला लावायला, पण गठ्ठा तोवर निघूनही गेला होता. मग त्यांनी हात लावणं सोडलं. नुसत्या पुढं चालत राहिल्या, अनवाणी, पावसात, लाथा घालत, आणि रडत होत्या. मोठ्यानं, लहान मुलासारखं. ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मी चिखलात बसून पाहत होतो आणि मला पहिल्यांदाच त्या यंत्राचा नाही, स्वतःचा राग आला, की हे असलं काम या बाईला करायला लावलं.

शेवटचा गठ्ठा वर गेला आणि पाऊस कोसळला. भिलानं मला उचलून ट्रॉलीच्या दांड्यावर बसवलं. तो म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही पडना तवं गाडी थांबाडाले पाहिजे व्हती." मी म्हटलं, थांबवली असती तर मारली असती तुला.

कोठाराचं दार लागलं. सगळं गवत आत होतं. बाया हसत होत्या, केस पिळत होत्या. अक्का दिसेनात. मी भिंतीला धरून लंगडत गोठ्यात गेलो. अक्का सोन्याच्या पुढ्यात बसल्या होत्या. त्याच्या पुढच्या दोन्ही खुरांवर डोकं ठेवलं होतं आणि म्हणत होत्या, "माफ कर रे बापा. माफ कर." सोन्या त्यांच्या डोक्यावरचा ओला पदर हुंगत होता.

माझी चाहूल लागली तशा त्या उठल्या. तोंड पुसलं.

"कोनी देखं का, मिस्तरी?"

"काय पाहायचं?" मी म्हटलं. "मी तर बिळात पडलो होतो."

दुसऱ्या दिवशी शेठजी आले, कोठार पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोडरला परत हार घालायला निघाले होते, मी तो हातातून काढून घेतला. मग त्यांनी विचारलं की एवढं एका दुपारीत झालं कसं.  आणि आमच्या सुपडाअक्का, टोळीच्या पुढं उभ्या राहून, खणखणीत आवाजात, डोळ्याची पापणी न लववता म्हणतात कशा,

"मिस्तरीनी चाराले लाथा मार्‍यात, शेठजी. बठ्ठ्या लाथा मिस्तरीन्या शेतस."

असा संताप आला मला! गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला, रात्रभर झोप नाही, आणि वर हे. शेठजींनी माझ्याकडं पाहिलं. अक्काही पाहत होत्या. फक्त त्यांचा हात पदराचं टोक घट्ट धरून होता.

"हो," मी म्हटलं. "सगळ्या माझ्याच."

मला पुन्हा पाया पडावं लागलं. या खेपेला अख्ख्या कोठाराच्या, एका गुडघ्यावर. तेव्हापासून मी लाथ्या मिस्तरी. आजूबाजूच्या गावांत म्हाताऱ्या मला ताक द्यायच्या आधी विचारायच्या, तूच का तो?

त्या उन्हाळ्यात एकही जनावर ट्रकमध्ये चढलं नाही. सोन्या पुढच्या पोळ्याला रंगवलेली शिंगं घेऊन गोठ्यात उभा होता, आणि नंतर कधीतरी थंडीत, आपल्याच जागी, रात्री बसला तो सकाळी उठला नाही. अक्का त्या दिवशीही कामावर आल्या. संध्याकाळी पाहतो तर गठ्ठे तीन तीन मिळून उभे. 

अक्कांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोडर भंगारात गेला. गुडघा तेवढा आहे, पाऊस यायच्या आधी सांगतो. हा अंक त्या बाजूला जातो की नाही, मला माहीत नाही. गेलाच आणि कुणी विचारलंच, तर म्हाताऱ्यानं काहीबाही लिहिलंय म्हणा. बठ्ठ्या लाथा माझ्याच.